चौथ्या पानावरची माणसं

पेपरचा ताजा अंक हातात आला की रजबमुरोद कमांडर आधी आपला फोटो वितीनं मोजायचा. एक वीत आणि चार बोटं भरला, तर मान हलवायचा. कमी भरला, तर समोर उभ्या असलेल्या संपादकबाईंकडे रुसल्यासारखं बघायचा.

"मुअल्लिमा, शुक्रवारच्या अंकात मी मोठा होतो," शाळेतल्या बाईंना हाक मारावी तसा तो म्हणायचा.

"शुक्रवारी बातम्या कमी होत्या," सानवबर सांगायची.

मग तो पेपर घडी करून बाजूला ठेवायचा. बाकीची पानं त्यानं कधी पाहिली नाहीत. दोन महिन्यांपूर्वी हा माणूस गुलदाऱ्याच्या सरकारी हमामखान्याचा व्यवस्थापक होता, आणि अख्ख्या गावाला दर शुक्रवारी कोमट पाण्यानं आंघोळ घालायचा. पाणी गरम का नाही, अशी तक्रारपत्रं सानवबरच्या टेबलावर ढिगानं यायची. आता त्याच्याकडे दोनशे बंदुका होत्या, आणि गावातल्या कुणालाही त्याच्या पाण्याबद्दल तक्रार उरली नव्हती.

यादवीच्या त्या वर्षी गुलदारा चार वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. मे महिन्यात एका बाजूचे आले, ऑगस्टात दुसऱ्या बाजूचे, सप्टेंबरात पुन्हा पहिले, आणि ऑक्टोबरात रजबमुरोद. दर वेळी जिल्हा कचेरीवरचा झेंडा बदलला, आणि दर वेळी सानवबरचा सहसंपादक मिर्झोशरीफ यानं तीच चोवीस ओळींची प्रशस्ती नव्यानं छापायला दिली. मूळ कविता कपाशीच्या विक्रमी पिकाबद्दल जुन्या पक्षसचिवाला अर्पण केलेली होती. रजबमुरोदच्या वेळी त्याची जरा पंचाईत झाली, कारण नाव एका मात्रेनं लांब होतं आणि ओळीत बसेना. मिर्झोशरीफनं तासभर डोकं खाजवलं आणि 'शूर' हा शब्द काढून टाकला.

"आपा, आता बसतंय बघा," तो कागद पुढे करत म्हणाला.

"बसतंय खरं," सानवबर म्हणाली. "पहिल्यांदाच तुझ्या कवितेत खोटं थोडं कमी झालं."

सानवबर योरमतोवा चोपन्न वर्षांची होती. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. 'पख्तकोर' हा जिल्ह्याचा पेपर ती बावीस वर्षं चालवत होती. नावाचा अर्थ कपास पिकवणारा, आणि पेपरात कपाशीशिवाय फारसं काही नसायचं. जीभ इतकी तिखट की बाजारात बायका तिला वाट करून द्यायच्या. दुसऱ्यांना टोचून बोलताना तिनं स्वतःलाही कधी सोडलं नाही. शेतात बोंडं कुजताना डोळ्यांनी बघून आलेल्या दिवशी तिनं 'एकशे तीन टक्के उद्दिष्ट पूर्ण' असं छापलं होतं, आणि असं एकदा नाही, बावीस शरद ऋतू. मिर्झोशरीफवर चिडताना ती मनात म्हणायची, हा निदान यमक तरी जुळवतो.

अकरा ऑक्टोबरला रजबमुरोदची माणसं वरच्या वस्तीत शिरली. वरच्या वस्तीतली माणसं डोंगराकडची. त्यांच्या आजोबांना सरकारनंच ट्रकांत भरून खाली आणलं होतं, कपास लावायला. साठ वर्षं इथल्या मातीत राबली, इथल्या बायका केल्या, इथेच पुरली गेली. त्या एका दिवसात ती परकी ठरली. बाप्यांना कालव्याच्या पंपघराजवळ वेगळं काढलं. उरलेल्या बायकापोरांनी हाताला लागेल ते उचलून नदीची वाट धरली. संध्याकाळपर्यंत वस्तीत कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्याही नव्हत्या.

मंगळवारच्या अंकासाठी कमांडरकडून चिठ्ठी आली. 'वरच्या वस्तीतील रहिवाशांचे स्वेच्छेने स्थलांतर.' सानवबरनं ती वाचली, 'स्वेच्छेने' या शब्दातली चूक दुरुस्त केली आणि छापायला दिली. दारात एक बंदूकवाला उभा होता म्हणून, असं तिला म्हणता आलं असतं. पण तो तर व्हरांड्यात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

बुधवारी सकाळी रोबिया आली. ती खालच्या बाजाराकडची, नानवाल्याची मुलगी. तिचा नवरा किरोमिद्दीन वरच्या वस्तीतला, कालव्याच्या दारांवर राखणदार होता. रोबियानं कालचा पेपर टेबलावर पसरला आणि त्या बातमीवर बोट ठेवलं.

"आपा, माझा नवरा स्वेच्छेनं गेला म्हणे. कुठे गेला तेही लिहायचं होतं. मी त्याला परसात जर्दाळूखाली पुरलाय, तिथून परत उठून गेला असेल तर मला कळायला हवं."

सानवबरनं केटली ओढली. तिनं चहा ओतला. रोबियानं पियाल्याला हात लावला नाही.

"तुझं काय काम होतं?" सानवबरनं विचारलं.

"शोकसंदेश. चौथ्या पानावर छापता ना? सासरे गेले तेव्हा कालवा कार्यालयानं दिला होता, तसा. तीन ओळी. लोक नमाजालाही आले नाहीत, आपा. घाबरले. निदान तीन ओळी तरी."

ती जुनी रीत होती. कुणाचं माणूस गेलं की त्याची शाळा, त्याचं कार्यालय, त्याची शेतावरची कामाची टोळी चौथ्या पानाच्या तळाशी चौकटीत लहानसा संदेश द्यायची. त्यावर आजवर कुणा अधिकाऱ्यानं मंजुरीचा शिक्का मागितला नव्हता. सानवबरनं फोन उचलला आणि कालवा कार्यालयाच्या प्रमुखाला विचारलं.

"किरोमिद्दीन?" तो म्हणाला. "त्यानं राजीनामा दिलाय, मुअल्लिमा."

"कधी?"

"अकरा तारखेला."

"बंदुकीनं लिहिलेला दिसतोय राजीनामा. सही कुणाची आहे त्यावर?" तिनं विचारलं, आणि फोन आपटला. मग तिनं स्वतःच कागद ओढला आणि लिहिलं: 'पख्तकोरचा कर्मचारीवर्ग कालव्याचे राखणदार किरोमिद्दीन यांच्या ११ ऑक्टोबर रोजी झालेल्या निधनाबद्दल त्यांची पत्नी रोबिया हिच्या दुःखात सहभागी आहे.'

छापखान्यात म्हातारा उस्तो तिलोव शिशाच्या ओळी पाडायचा. बोलायचा कमी. त्यानं कागद वाचला, चष्मा वर केला.

"तारीख ठेवायची, बाई?"

"तारीख आधी लावा. बाकीचं मागून."

शुक्रवारच्या अंकात ती चौकट आली. पहिल्या पानावर कमांडर एक वीत पाच बोटं होता, त्यामुळे तो खूश होता. सोमवारी दोन बायका आल्या. त्यानंतर शिंप्याचा म्हातारा बाप. मग शाळेतली एक शिक्षिका, जिनं दार लावून घेतल्यावरच तोंड उघडलं. प्रत्येकाला तीन ओळी, सारखं अक्षर, सारखी चौकट, आणि सगळ्यांत तीच तारीख. पाच आठवड्यांत चौतीस नावं झाली. लोक पेपर मागच्या पानापासून वाचायला लागले. बाजारात मांसवाला पेपरात मांस बांधून देताना शेवटचं पान फाडून वेगळं ठेवायचा.

मिर्झोशरीफच्या ते लक्षात यायला तीन आठवडे लागले, कारण तोही पहिलंच पान वाचायचा. त्यात त्याची कविता असायची.

"आपा, हे काय चाललंय?" तो धापा टाकत आत आला. "सगळ्यांची एकच तारीख! एखाद्या गाढवालाही कळेल!"

"कमांडरला अजून कळलेलं नाही. तू त्याला गाढवाच्याही खाली बसवतोयस, जपून बोल."

"'कर्मचारीवर्ग' म्हणता तुम्ही. त्या वर्गात मी पण येतो ना! माझं कुटुंब आहे."

"घाबरू नकोस. पुढच्या अंकापासून लिहीन: 'मिर्झोशरीफ वगळता कर्मचारीवर्ग'. तुला पाहिजे तर ठळक अक्षरात."

तो रडवेला होऊन निघून गेला. चुगली मात्र त्यानं केली नाही. तेवढी हिंमतही त्याच्यात नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटी रजबमुरोदचा धाकटा भाऊ नोझिम मेला. शेजारच्या जिल्ह्यातला कमांडर त्यांचाच मित्र होता, आणि पिठाचा एक ट्रक कुणाच्या वाट्याचा यावरून भर रस्त्यात दोघांच्या माणसांत वाजलं. चार जण पडले, त्यात नोझिम. हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलानं माखलेली जीप पेपरच्या दारात थांबली.

रजबमुरोदचे डोळे सुजलेले होते. तो खुर्चीत धपकन बसला.

"पूर्ण पहिलं पान," तो म्हणाला. "काळी चौकट. शत्रूशी लढताना हुतात्मा. मिर्झोशरीफची कविता."

"कोणता शत्रू?" सानवबरनं विचारलं.

"म्हणजे?"

"पीठ कुणाचं होतं ते मी लिहिणार नाही. पण शत्रूचं नाव लागेल ना. तुझा मित्र आहे तो. परवा परत त्याच्याबरोबर बसून पुलाव खाशील, मग मला चूक दुरुस्ती छापायला लागेल."

दारातला बंदूकवाला बिया चघळायचा थांबला. रजबमुरोदनं टेबलावर हात आपटला.

"माझा भाऊ मेलाय, मुअल्लिमा!"

"मेलाय. त्यासाठी जागा आहे. चौथ्या पानावर, खाली, तीन ओळी. गुलदाऱ्यात माणूस मेला की तिथेच छापतात."

"चौथ्या पानावर?" त्याला काही कळेना. त्यानं टेबलावरचा अंक ओढला आणि पहिल्यांदाच उलटा केला.

तो बराच वेळ वाचत होता. ओठ हलवत, एकेक नाव. किरोमिद्दीनला तो ओळखत होता, दर शुक्रवारी हमामखान्यात यायचा, पाठ चोळून घ्यायचा. शिंप्यानं त्याचा लग्नातला चापान, तो लांब अंगरखा, शिवला होता. सानवबर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथे थोडी तरी लाज उमटेल, असं तिला क्षणभर वाटून गेलं, आणि त्या वाटण्याबद्दल तिनं लगेच स्वतःला शिवी घातली. उमटली ती फक्त चीड. आपल्याला फसवलं, एवढंच त्याला कळलं होतं.

"किती अंक झाले?" त्यानं विचारलं.

"दहा. सगळे तू मंजूर केलेस. फोटो मोजून."

त्यानं पिस्तूल काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग परत उचलून कमरेला खोचलं.

"आईनं शपथ घातलीय," तो दात खात म्हणाला. "नोझिमच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत माझ्या हातून रक्त सांडता कामा नये. म्हणून आज तू वाचलीस. घरी जा, सानवबर. एकेचाळिसाव्या दिवशी मी येईन. पळालीस, तर त्या म्हाताऱ्या शिसेवाल्याला धरीन."

त्याच दुपारी मिर्झोशरीफ संपादक झाला. शुक्रवारच्या अंकात पहिलं पान पूर्ण काळं, मध्ये नोझिम, आणि खाली चोवीस ओळी. उरलेल्या तिन्ही पानांवर कालवा कार्यालय, दवाखाना, शाळा, बाजार समिती, सगळ्यांचे शोकसंदेश. किरोमिद्दीनसाठी ज्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, त्यांना नोझिमसाठी अर्धं पानही कमी पडलं. सानवबरनं तो अंक चुलीत घातला. शाईनं ओला होता, नीट पेटलासुद्धा नाही.

तिसाव्या का एकतिसाव्या दिवशी, भर दुपारी, एक शेजारीण एका म्हातारीला हाताला धरून तिच्या फाटकात सोडून गेली. ती रजबमुरोदची आई होजर होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपडत ती अंगणातल्या बाजेवर बसली.

"मला ओळखलंस, पोरी?"

"ओळखलं, खाला. तुमच्या मुलानं दहा दिवस आधी पाठवलं का तुम्हाला? वाट बघवत नाही त्याला?"

म्हातारीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पंपघरात पाणी साठवायचं टाकं आहे, जमिनीखाली," ती म्हणाली. "त्यावर फळ्या ठोकल्यात. त्यात तिघं आहेत. गफूरची दोन मुलं, इलहोम आणि सुहबत. आणि गणिताचा मास्तर, मुहब्बतशो. तुझ्या पानावर त्यांची नावं नव्हती म्हणे. शेजारीण मला वाचून दाखवायची, मी ऐकत होते."

नदीपार गेलेल्यांत ते तिघं असतील, असं सगळे धरून चालले होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नोझिमनं. पिऊन आला होता, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. धाकटा शेवटपर्यंत मास्तरांना हाका मारत होता म्हणे." म्हातारीनं डोईवरचा रुमाल सारखा केला. "त्याच दिवशी त्यानं घरी एक तांब्याचा समोवार आणला होता. मी विचारलं नाही कुणाचा. महिनाभर त्यातला चहा प्यायले."

"आणि आता आठवलं?"

"बोल. तुझी जीभ मोठी आहे, मला ठाऊक आहे. बोल."

पण सानवबर उठली. घरात जाऊन ती पेन्सिल घेऊन आली, तिन्ही नावं लिहिली, टाक्याची जागा लिहिली, परत वाचून दाखवली.

"हे कशाच्या बदल्यात, खाला?"

"बदल्यात काही नाही. मला झोप येत नाही." मग खाली बघत, "पहिल्या पानावर माझं पोर कुणी वाचत नाही म्हणतात. लोक त्यावर भाजी निवडतात. तुझ्या त्या पानावर... तीन ओळी..."

"नाही."

"आई आहे मी."

"गफूरच्या मुलांनाही आई आहे. नदीपलीकडे तंबूत बसलीय, मुलं येतील म्हणून. तिच्या मुलांशेजारी तुमच्या मुलाला बसवू? माझ्याच्यानं व्हायचं नाही, खाला."

म्हातारी उठली. तिला फाटकापर्यंत पोचवताना सानवबरनं तिचा दंड धरला. पक्ष्याच्या हाडासारखा होता तो. आपण योग्य तेच बोललो याबद्दल तिला शंका नव्हती. तरी त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही.

चाळिसाव्या दिवशी सगळं गाव हमामखान्याच्या मागच्या पटांगणात जेवायला गेलं. जावंच लागलं. अकरा कढया पुलाव, बंदूकवाले झाडून सगळे पंगतीत, आणि मिर्झोशरीफ नवा कोट घालून कविता वाचायला उभा. छापखाना रिकामा होता. उस्तो तिलोवनं मागचं दार उघडलं. मोठ्या यंत्राचा आवाज बाजारापर्यंत जातो, म्हणून त्यांनी मुद्रितं काढायचं हातदाबाचं छोटं यंत्र घेतलं. उस्तोनं चौतीस चौकटींचं शिसं वितळवलंच नव्हतं. कोळशाच्या पेटीत राखेखाली जपून ठेवलं होतं.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," सानवबर म्हणाली.

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

त्यानं तीन नवी नावं जुळवली, पंपघराचं टाकं जुळवलं. एका कागदावर सदतीस नावं. तळाशी बोटभर जागा उरली होती. उस्तो तिकडे बघत राहिला.

"म्हातारी माझ्याकडेही येऊन गेली," तो म्हणाला. "नोझिमच्या ओळी मी जुळवून ठेवल्यात. लावू?"

"नका लावू."

"आई ती आईच, बाई."

सानवबरनं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "लिहा: शेवटच्या तिघांची नावं एका आईनं सांगितली."

"कुणाच्या आईनं?"

"एवढंच लिहा. तिचं नाव लिहिलं तर तिचा मोठा मुलगा तिचाही फोटो पहिल्या पानावर छापेल, काळ्या चौकटीत."

साठ कागद निघाले. तांबूस रंगाचे, थोडे तिरके. रोबियानं चाळीस कागद बापाच्या नानांच्या टोपलीत, गरम नानांखाली घालून घरोघर पोचवले. वीस सानवबरनं जेवताना अंथरायच्या दस्तरखानात गुंडाळून पोटाशी बांधले. सरकी-पेंडीचा एक ट्रक राजधानीकडे निघाला होता. उस्तो आणि ती त्यात पोत्यांमध्ये बसले. वाटेत चार चौक्या लागल्या. पहिल्या चौकीवरच्या पोरानं विचारलं, "म्हातारे, कुठे?" उस्तो म्हणाला, "बायकोला दात काढायला नेतोय." सानवबर बावीस वर्षांत पहिल्यांदा तोंड मिटून बसली.

राजधानीतून ते कागद मदत वाटणाऱ्या गाड्यांबरोबर नदीपार तंबूंत गेले. गफूरच्या बायकोनं तो कागद वाचला, आणि वाट बघणं सोडून दिलं. हे बरं केलं की वाईट, हे सानवबरला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

रजबमुरोद एकेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी गेला होता. घर जाळलं. पुढच्या उन्हाळ्यात पिठाच्या ट्रकवाल्या त्याच मित्रानं त्याला गोळ्या घातल्या. मिर्झोशरीफनं त्या मित्राला चोवीस ओळी अर्पण केल्या. त्याचं नाव आखूड होतं, म्हणून 'शूर' परत आला.

तह झाल्यावर, पाच वर्षांनी, सानवबर गुलदाऱ्यात परतली. वरच्या वस्तीतली अर्धी माणसं आली होती. त्यांनी पंपघरातल्या फळ्या काढल्या. तिघंही तिथेच होते. त्यांना पंपघराशेजारीच पुरलं. सानवबर कबरींच्या काठावर उभी राहिली, रोबियाचा हात धरून, शेवटची माती पडेपर्यंत. उस्तो राजधानीतच वारला होता. होजर म्हातारी त्याआधीच गेली होती. तिला कुठे पुरलंय ते सानवबरनं विचारून घेतलं, आणि एकदा एकटीच जाऊन आली. काय बोलली, ते कुणाला माहीत नाही.

मिर्झोशरीफ अजून 'पख्तकोर'चा संपादक होता. जाड झाला होता. ती आल्याचं कळताच फुलांचा गुच्छ आणि चार माणसं घेऊन तो रोबियाच्या अंगणात हजर झाला, आणि खिशातून कागद काढला.

"आपा, तुमच्या धैर्यावर लिहिलंय. मंगळवारी पहिल्या पानावर घेतोय. तुमचा फोटो पण. मोठा."

सानवबरनं कागद घेतला. चोवीस ओळी होत्या. तिनं चष्मा लावला, खिशातली पेन्सिल काढली, व्याकरणाच्या तीन चुका दुरुस्त केल्या, पंधराव्या ओळीतलं यमक खोडलं आणि कागद त्याला परत दिला.

"छापू नकोस," ती म्हणाली. "आणि फुलं घेऊन पंपघरावर जा. नावं येत नसतील तर वाचून जा."

तो उभाच राहिला. "आज?"

"आज. ह्या चौघांनाही घेऊन जा. तिथे कविता म्हणायची नाही, एवढं लक्षात ठेव."

तो गेला की नाही, हे बघायला ती फाटकापर्यंत आली. गेला. वाटेत दोनदा मागे वळून बघत.